स्पितीतील झरे आणि चराईच्या जागा नकाशावर कशा नोंदवाव्यात?

हिमभ्रमंती:
हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, किब्बर गावाच्या वरच्या अंगाला, ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर असलेले झरे आणि कुरणे नकाशावर आणण्याचे काम आम्ही चौघांनी गेल्या जुलैत सुरू केले. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील एक चौकोन जमिनीवरचा १० मीटर बाजूचा तुकडा दाखवतो. त्यात जिथे हिरवे दिसले तिथे आम्ही झरा मांडला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा त्यांपैकी एका जागी भेगाळलेला चिखल आणि त्यात वाळलेले खुरांचे ठसे एवढेच उरले होते. ही चूक कशी टाळावी?

पाणाडी:
जुलैतल्या पाण्यात बर्फाचे पाणी मिसळलेले असते, त्यामुळे झरा ऑक्टोबरमध्येच मोजावा, असे माझे ठाम मत आहे. प्रवाह बारीक असेल तर मापाची बादली आणि स्टॉपवॉच पुरते. सोबत पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता (क्षार जास्त तेवढी ती जास्त) नोंदवा, कारण नुकत्याच वितळलेल्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, तर खडकांतून मुरत आलेल्या पाण्यात ते विरघळलेले असतात. मोजणी मात्र झऱ्याच्या मुखाशीच करा. थोडे खाली गेले तरी उन्हाने पाणी तापते. खडकांच्या थरांचा उतारही टिपा, कारण हिमालयातील झऱ्यांवर काम केलेली पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था ज्यावर भर देते ते पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे झऱ्याचे पाणी जिथे जमिनीत मुरते ती जागा, पुष्कळदा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला निघते.

कुरणवाट:
कुरणांबद्दल थोडे सांगतो. गवत इतके विरळ असते की प्रतिमेत मातीच जास्त बोलते, म्हणून उपग्रह-प्रतिमेतून हिरवळ मोजताना मातीचा परिणाम कमी करणारा ‘सावी’ (SAVI) निर्देशांक वापरावा. तरीही तिथे कोणाची गुरे कोणत्या महिन्यात चरतात, हे केवळ गुराखीच सांगू शकतो. किब्बरच्या ग्रामस्थांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कुरणाचा काही भाग भरल या रानमेंढीसाठी गुरांविना ठेवण्याचे मान्य केले होते; अशी जागा नकाशात ‘पडीक’ म्हणून रंगवली, तर गावाने जपलेल्या जागेवर अन्याय होईल.

हिमभ्रमंती:
आमच्या पहिल्या नकाशात असा रंग दिलेला आहे, तो आजच काढतो. झऱ्यांचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी खुले करावेत का?

कुरणवाट:
आधी गावाला विचारा. भरलांमागे हिमबिबट्याही येतो, त्यामुळे पाण्याच्या जागा उघड करायच्या की नाहीत, हे तिथल्या लोकांनीच ठरवावे.