गोठा टिकाऊ आहे का, हे नत्राच्या हिशोबावर ठरवावं का?

चिकोडीकर
आपल्याकडं गोठ्याचा हिशोब रुपयांत होतो. मी म्हणतो, जमीन-पाणी न बिघडवता गोठा टिकेल का हे बघायचं, तर तो एकदा नत्रात (नायट्रोजनमध्ये) करून बघा. फाटकातून आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, एवढंच. घरची वैरण धरायची नाही, ती आतल्या आत फिरते.

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-रायबाग भागात दिसतो तसा गोठा धरा. दहा एचएफ (होल्स्टीन) गाई, दोन एकर हत्तीगवत-मका, भाकड धरून दिवसाला सरासरी १०० लिटर दूध. सुग्रास, म्हणजे विकतचं पशुखाद्य, रोज ४० किलो. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर प्रथिनं २० टक्के असतील तर झाली ८ किलो, प्रथिनांवरून नत्र काढायला त्याला ६.२५ नं भागलं की १.२८ किलो नत्र. वर्षाचं साधारण ४६५ किलो. वैरणीच्या पिकाला वर्षाला युरियाची सहा पोती. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे १२४ किलो. एकूण आवक ५९० च्या आसपास. दुधातून लिटरमागं पाच ग्रॅमच्या जरा वर नत्र जातं, म्हणजे वर्षाला १९०. उरलं ४०० किलो, तेही दोन एकरांत! उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी शंभर किलोची शिफारस असते. इथं एकरी दोनशे नुसतं शिल्लक.

आणि ते जमिनीत गुमान पडून राहत नाही. कोब्यावर शेण-मूत एकत्र झालं की मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तोच. काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. असा गोठा दूध कितीही देवो, मी त्याला टिकाऊ म्हणणार नाही.

निपाणीचा दादा
हिशोब झ्याक हाय, पण वाडं, म्हणजे उसाचं हिरवं शेंडं, कुठं गेलं? कारखाने चालू असले की आमची जनावरं वाड्यावरच असतात. तोडकऱ्यांकडनं पेंड्या घेतो, वजन कोण करतंय? उकिरड्यातनं भावाच्या रानात किती ट्रॉल्या गेल्या, तेबी लिहून ठेवणारा शेतकरी दाखवा.

चिकोडीकर
वाडं धरलं तर आवक वाढेल, म्हणजे माझाच मुद्दा पक्का होईल. ट्रॉल्यांचं सोपं आहे. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. तीन टनांची ट्रॉली म्हणजे १५ किलो. ४०० किलो बाहेर काढायला २६-२७ ट्रॉल्या लागतील. एवढ्या जात असतील तर भांडणच मिटलं.

खानापूरवाला
मिटलं कसं? आमच्याकडं गावठी म्हशी दिवसभर रानात चरतात. पेंड नावाला, युरिया शून्य. तुमच्या वहीत आवक जवळजवळ नाहीच, म्हणजे कागदावर आदर्श गोठा! पण रोज पाटी पाटी शेण निघतं, त्यातलं नत्र आलं कुठून? माळावरून आणि जंगलाच्या कडेवरून. ते उचलून आम्ही भाताच्या शेतात टाकतो. माळ उजाड झाला तरी तुमचा ताळेबंद ठणठणीत. तुमच्या सुग्रासमधल्या सरकी पेंडेचंही तेच. कापूस ज्या शेतात पिकला तिथलं नत्र कोण मोजतंय? फाटकावर मोजणं म्हणजे आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणं.

मास्तर, बेळगाव
नेदरलँड्सनं १९९८ पासून हेच केलं होतं. गोठ्याच्या फाटकावरचा ताळेबंद, आणि ठरलेल्या हद्दीपलीकडं शिल्लक राहिली की दंड. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की युरोपच्या नायट्रेटच्या नियमात हे बसत नाही, नत्र टाकतानाच मर्यादा हवी. २००६ पासून तिथं शेतात किती टाकायचं याचीच मर्यादा आली. मला वहीपेक्षा विहीर पटते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, तेवढं तपासा.

चिकोडीकर
मास्तर, विहिरीतलं नायट्रेट कुणाच्या गोठ्यातलं आणि कुणाच्या उसातलं, हे पाणी सांगत नाही. आणि तिथं दंड गेला, वही गेली नाही. दूधवाले शेतकरी अजून ताळेबंद भरतात. खानापूरवाल्यांचं मात्र खरं आहे, चराई आवकेत लिहायलाच हवी. तरी कोब्यावरच्या गोठ्यांना ही सबब चालणार नाही. त्यांनी आधी वैरणीचा युरिया थांबवावा. घरचं शेण-मूत असताना १२४ किलो विकत आणायचं कशाला?

निपाणीचा दादा
कशाला म्हणजे? युरियाचं पोतं पावणेतीनशेच्या आत मिळतंय. मोटरसायकलवर आणलं, सांजच्याला फोकलं, झालं काम. शेणकाला वाहून दोन एकरांत पसरायचा म्हटला तर गड्याची एका दिवसाची हजेरी त्या पोत्यापेक्षा जास्त, अन् गडी मिळाला तर! तुमच्या वहीत हजेरीचा रकाना कुठं हाय, ते आधी सांगा की.