आजोबांच्या कॅसेटींचा घरचा सर्व्हर पहिल्या नोकरीच्या अर्जात कसा मांडू?

लष्करवाला, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. बीसीए झालंय, लष्कर भागातल्या दाणाओळीत राहतो, सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा क्लाउड सपोर्टमधली पहिली नोकरी शोधतोय. इंटर्नशिप झालेली नाही, त्यामुळे अनुभवाचा रकाना कोरा आहे.

हातात आहे ते एवढंच. आजोबांच्या दोनशेच्या आसपास कॅसेटी, काही विकतच्या, बाकीच्या घरगुती बैठकींच्या. डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग, फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) जतन. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारी सोय) नॅव्हिड्रोम हा गाणी ऐकवणारा सर्व्हर. आई आणि आजी घरात फोनवर रोज ऐकतात. उन्हाळ्यात लाइट सारखी जाते, म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की आपोआप चालू' ही सेटिंग केली आहे आणि कंटेनरही आपोआप उठतो.

बडोद्याच्या आत्याला मात्र ऐकता येत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवूनही) बाहेरून काही लागत नाही. दुसरं म्हणजे टॅग, फाइलीत भरलेली गायक-गाण्याची माहिती. एकच गायक तीन नावांनी दिसतो आणि रागावरून शोधताच येत नाही. आणि मुख्य प्रश्न: मुलाखतीत हे सगळं सांगावं का? की 'घरी गाणी लावतो' एवढाच अर्थ निघेल?

इंदूरची सिसअ‍ॅडमिन

नक्की सांग. मी इंदूरला सर्व्हर सांभाळते आणि फ्रेशर मुलांच्या मुलाखतीही घेते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्व्हिस बंद पडली, आता काय बघशील? बहुतेक मुलं व्याख्या म्हणून दाखवतात. तुझ्या घरी आजीचं गाणं मध्येच थांबलं तर तू काय करतोस? मशीन जागी आहे का, डिस्क भरली का, कंटेनर चालू आहे का, नॅव्हिड्रोमचं ४५३३ हे पोर्ट जोडणी घेतंय का, लॉगच्या (सर्व्हरच्या नोंदींच्या) शेवटच्या ओळी काय म्हणतात. हा क्रम स्वतः करून सांगणारा मुलगा लगेच ओळखू येतो, आणि मला तोच हवा असतो.

आधी आत्याचं बघू. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने त्याला दिलेला आयपी) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस. तिथे तुझा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता, अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तुझ्या राउटरवरच्या पोर्ट फॉरवर्डला अर्थ उरत नाही. टेलस्केल लाव, म्हणजे तुझी मशीन आणि आत्याचा फोन एका खाजगी नेटवर्कमध्ये येतील. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं आणि दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी करतं, म्हणून पब्लिक आयपी लागतच नाही. आत्याच्या फोनवर एकदा बसवून दे. उघडलेलं पोर्ट आजच बंद कर.

मग बॅकअप. नॅव्हिड्रोम फायलींना हात लावत नाही, तरी संगीताचं फोल्डर कंटेनरला फक्त-वाचण्यासाठीच दे. प्लेलिस्ट आणि आवडीच्या खुणा एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे एका फाइलीत असतात. चालू सर्व्हरवरून ती फाइल नुसती कॉपी करू नकोस, कंटेनर थांबवून घे. आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून बघ. 'बॅकअप घेतो' असं सगळेच म्हणतात, 'परत उभा केला, इतका वेळ लागला' असं सांगणारा क्वचित भेटतो. बैठकीच्या टेपा तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत! एक प्रत बडोद्याला आत्याच्या घरी हार्डडिस्कवर ठेव. सीडीच्या दर्जाचा तासाभराचा आवाज साधारण ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये निम्म्याच्या आसपास. नव्वद मिनिटांच्या दोनशे कॅसेटी म्हणजे शंभर जीबीच्या जवळपास, साध्या डिस्कवर आरामात मावतील.

सीव्हीत 'म्युझिक सर्व्हर प्रोजेक्ट' असं मोघम लिहू नकोस. किती जण वापरतात, कोणत्या शहरांतून, वीज गेल्यावर सर्व्हर कसा परत येतो, बॅकअप कुठे असतो, हे लिही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कंपोज फाइल (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली) आणि एक नीट रीडमी, म्हणजे माहितीची फाइल टाक. पासवर्ड वेगळ्या फाइलीत, ती तिथे नको. रेकॉर्डिंगही तिथे अजिबात नको. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि बैठकीतल्या गायकांचेही हक्क असतातच. डेमोसाठी स्वतःच्या पेटीचं वगैरे काही रेकॉर्ड कर.

टीसीएस, इन्फोसिस दोघांचे कॅम्पस इथे सुपर कॉरिडॉरला आहेत, पण फक्त त्यांच्याकडे डोळे लावून बसू नकोस. छोट्या होस्टिंगवाल्याकडे रात्रपाळीचा एल-वन (पहिल्या पायरीचा) सपोर्ट मिळाला तरी घे, मात्र आधी विचार: सर्व्हरवर लॉगिन मिळणार का, की फक्त तिकीट (ग्राहकाची तक्रार) पुढे ढकलायचं?

जनकगंजचे मास्तर

टॅगचं मी सांगतो, गाणं शिकवतो म्हणून. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांचं (१८९३–१९८९) नाव लेबलांवर पाच प्रकारे सापडेल. एक रूप ठरवा आणि पिकार्ड या टॅग भरायच्या प्रोग्रॅममधून सगळीकडे तेच भरा. नुसतं 'पंडितजी' लिहिलेल्या कॅसेटी नावावरून लावू नका. त्यांचे चिरंजीव लक्ष्मणरावही गायचे. ऐकूनच ठरवावं लागतं.

गायकाच्या रकान्यात फक्त गायक. साथीदार वेगळे. शीर्षकात आधी राग, मग प्रकार आणि ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द. आपल्या ग्वाल्हेर घराण्यात ख्यालाबरोबर टप्पा, तराणा, अष्टपदी सगळं गातात, सरसकट 'क्लासिकल' लिहिलंत तर टप्पा कधीच सापडणार नाही. प्रकार 'जॉन्र' या रकान्यात घाला, राग 'ग्रुपिंग'मध्ये. बैठकीचं साल आणि घर ठाऊक असेल तर टिप्पणीत लिहा. आजी आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून भरा, कोण कधी गायलं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

लष्करवाला

ताई, वॅन पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच. पोर्ट बंद केलं. बॅकअप उभा करायला मित्राचा लॅपटॉप मागितलाय.

मास्तर, आजीला तुमचा निरोप वाचून दाखवला. तिने लगेच दोन बैठकींची घरं सांगितली. एका कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नाही, तिला आवाज ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही. घेऊन येऊ का?

जनकगंजचे मास्तर

रविवारी सकाळी या. मूळ कॅसेट घरीच राहू द्या, फ्लॅक पेनड्राइव्हवर आणा.