बालवाडीच्या अंगणात काय हवं? प्लॅस्टिकचा किल्ला की गळका नळ?

कुंपणावरून
परवा मुलीला आणायला अर्धा तास लवकर पोचलो आणि कुंपणाबाहेर उभं राहून एक उद्योग केला. अंगणात तीन ते सहा वयाची बावीस पोरं. मधोमध लाल-पिवळा प्लॅस्टिकचा किल्ला, त्याला दोन घसरगुंड्या, खाली रबरी फरशी. दर पाच मिनिटांनी कोण कुठे आहे ते मोजत होतो. किल्ल्यावर एका वेळी सहाच्या वर पोरं कधीच नव्हती, आणि त्यातली तीन-चार शिडीवर आपला नंबर कधी येतो याची वाट बघत उभी. कोपऱ्यातल्या गळक्या नळापाशी मात्र, जिथे जायला सक्त मनाई आहे, सात जण. ताईंनी तीनदा हाकललं, तीनदा परत आली. एकाने चपलेच्या टाचेने चर काढला. एकीने त्याला मातीचा बांध घातला. तिसरा पान सोडायला आला, बांध फुटला, जोरदार भांडण झालं, आणि ताई पोचायच्या आत मिटलंसुद्धा, कारण पाणी भलतीकडेच वाहायला लागलं होतं आणि ते अडवणं जास्त गरजेचं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की या वयासाठी नवे किल्ले घेणं थांबवा. वाळू, पाणी, एखादं टेकाड, झाडाची सावली आणि हलवता येईल असं सुटं सामान द्या: फळ्या, बादल्या, दोऱ्या, अर्ध्या कापलेल्या पन्हळी. घसरगुंडीवर पोरगं एकच गोष्ट करू शकतं. फळीचं काय करायचं ते त्याला रोज नव्याने ठरवावं लागतं.

हा काही माझा शोध नाही. बांधकामाच्या राड्यात पोरं किती रमतात हे कार्ल थिओडोर सोरेनसेन या डॅनिश उद्यानरचनाकाराने हेरलं होतं, आणि त्यातूनच १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्द्रुपला भंगार-लाकडाचं मैदान उभं राहिलं. आल्डो व्हॅन आइक या डच वास्तुरचनाकाराने १९४७ पासून तीसेक वर्षांत ॲमस्टरडॅममध्ये सातशेवर खेळजागा केल्या. वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, कोलांट्यांसाठी वाकवलेल्या सळया. हत्ती-घोडे-किल्ले नाहीत. सायमन निकोल्सन या ब्रिटिश शिल्पकाराने १९७१ मध्ये हेच सूत्र म्हणून मांडलं: जागेत जितक्या जास्त गोष्टी बदलता येतात, तितकी तिथे कल्पकतेला वाट मिळते.

शिशुवर्गताई
ज्या ताईंनी हाकललं, त्यांच्या जागी मी असते तर मीही हाकललंच असतं. तुम्ही अर्धा तास मोजलंत, मी सतरा वर्षं मोजतेय.

बावीस पोरं म्हणजे एक ताई आणि एक मदतनीस, तीही हजर असली तर. सात ओली झाली की सातांचे कपडे बदलायचे. तेवढा वेळ उरलेल्या पंधरांकडे कोण बघणार? आणि संध्याकाळी फाटकाशी कोण ऐकून घेणार, "आज पुन्हा चिखल?" आईवडील कुंपणाबाहेर असतात तेव्हा चिखल सुंदर दिसतो हो. घरी बूट धुवायची वेळ आली की नाही दिसत.

शिवाय एम्द्रुपचं उदाहरण देताना एक गोष्ट राहिली. तिथे जॉन बेर्टेलसन नावाचा माणूस खेळनेता म्हणून, म्हणजे पोरांसोबत राहून लक्ष ठेवायला, नेमलेला होता. आणि तिथली हातोडा-करवत घेऊन घरं बांधणारी पोरं बरीच मोठी होती. तीन वर्षांच्या मुलाला फळी दिली तर तो ती उचलून वळतो, आणि फळीचं दुसरं टोक कोणाच्या डोळ्यात जातंय हे त्याला कळत नाही. हे मी वाचलेलं नाही, बघितलंय.

नटबोल्ट
खेळसाहित्य बसवणं आणि तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे मी किल्ल्याच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरा. :)

भांडण प्लॅस्टिक विरुद्ध माती असं नाहीच. पोरगं पडणार हे ठरलेलं. प्रश्न किती उंचावरून आणि कशावर, एवढाच. युरोपातलं ईएन ११७६ हे मानक पडण्याची उंची जास्तीत जास्त ३ मीटर धरतं. ती मर्यादा मोठ्यांसकट सगळ्या मुलांसाठी आहे, शिशुवर्गाला तेवढी देऊ नये. दुसरी गोष्ट फटींची. ८९ ते २३० मिलिमीटरमधली बंदिस्त फट आम्ही डोळे झाकून नापास करतो. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं. पाय आधी घालून ते सरकतं, अंग पार होतं आणि डोकं अडकतं. पायांखाली जमीन नसेल तर पुढचं लिहीत नाही. टोपीची लोंबती नाडी घसरगुंडीच्या तोंडाशी अडकते तोही तसलाच प्रकार.

किल्ल्याची ही सगळी तपासणी झालेली असते. तुमच्या फळ्या आणि टायरांच्या ढिगाची कोण करणार? आज ढीग एका आकाराचा, उद्या दुसऱ्या.

कुंपणावरून
नटबोल्ट, फटींचं शंभर टक्के मान्य. पण मग तीन वर्षांच्या मुलाला उंचीच कशाला हवी? घसरगुंडी टेकाडाच्या उतारात बसवा. शिडी गेली, कठडा गेला, फट गेली. पोरगं कलंडलं तर गवतावर, तेही वीतभर खाली. वर चढायला चार वाटा ठेवा (एक पायऱ्यांची, एक दोरीची, एक नुसती रांगत जायची), म्हणजे रांगही मोडते.

ताई, तुमचं मनुष्यबळाचं दुखणं खरं आहे. पण ते दुखणं अंगणाचं की संस्थेचं? बावीस पोरांना दोन माणसं पुरत नसतील तर किल्ल्यावरही पुरत नाहीत. किल्ल्यावर ते झाकलं जातं, एवढंच.

शिशुवर्गताई
झाकलं जात नाही, निभावतं. शिडीवर उभं असलेलं मूल मला लांबून दिसतं. झुडपामागचं दिसत नाही.

धावपट्टी
माझा आक्षेप वेगळा. चिखलात उकिडवं बसून बांध घालणं फार गोड, पण त्यात धावणं कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. माझ्या मुलाला सोडलं तर तो तासभर एका भोकात काडी घालत बसेल. चढणं, लोंबकळणं, उलटं टांगून घेणं यासाठी काहीतरी घट्ट रोवलेलं लागतंच. सगळं सुटं असेल तर लोंबकळणार कशाला?

कुंपणावरून
+१. व्हॅन आइकच्या सळया त्यासाठीच होत्या. मी "घट्ट काहीच नको" म्हटलेलं नाही. किल्ला नको म्हटलंय. (बादलीभर पाणी टेकाडावर वाहून नेणाऱ्या पोराला दम लागतो की नाही, हे एकदा करून बघा.)

एक्सरे पाहिलेला बाप
आता मला बोलू द्या. "मुलांना जोखीम घेऊ द्या" हे मीही मान डोलावत वाचलं होतं. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितलेत: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारख्या गोष्टी, दंगामस्ती, आणि नजरेआड होणं. यादी मला पाठ आहे. मग माझा साडेचार वर्षांचा मुलगा एकावर एक ठेवलेल्या टायरांवरून पडला. कोपराच्या वरचं हाड. रात्री दोनला शस्त्रक्रिया. टायरखाली काय होतं? फरसबंदी. कारण "नैसर्गिक खेळ" म्हणून सुटं सामान आणलं, पण ते ठेवायला जी जागा मोकळी होती तिथेच टाकलं. मऊ जमीन सगळी किल्ल्याखाली होती.

मुलगा आता बरा आहे. तो पुन्हा टायरांवर चढतो, मला बघवत नाही.

नटबोल्ट
वाईट झालं. आणि हे मी कायम बघतो. मोठ्या साहित्याखाली महागाची रबरी फरशी, आणि सुटं सामान जिथे जागा मिळेल तिथे. नियम उलटा हवा: जिथे पोरं चढण्याचा संभव, तिथे सगळीकडे मऊ जमीन. लाकडाचा भुसभुशीत चुरा किंवा वाळू चालते, पण भरपूर खोल, म्हणजे फूटभर. आणि मुख्य म्हणजे ती रोज हलवायला हवी. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पाय लागून लागून खड्डा पडतो, चुरा बाजूला जातो, आणि जिथे सगळ्यात जास्त पडतात तिथेच खाली कडक जमीन राहते. खोऱ्याने पाच मिनिटांचं काम आहे. कोणी करत नाही.

अवांतर, पण सगळ्यांनी वाचा. तान्ह्याला किंवा दीड-दोन वर्षांच्या बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. त्याचा बूट कडेला अडकतो, तुमच्या वजनाने तुम्ही दोघं पुढे सरकत राहता आणि पाय पिरगळून नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरलं असतं तर बूट अडकून ते थांबलं असतं. जपायला जातो आणि मोडून ठेवतो.

चाकांची आई
सगळं वाचलं. "वाळू, चुरा, टेकाड, चार वाटा." आता माझ्या मुलीला यात कुठे बसवू ते सांगा. ती पाच वर्षांची आहे आणि चाकांच्या खुर्चीवर असते. वाळूत पुढची छोटी चाकं दोन इंच गेली की खुर्ची थांबते. लाकडाच्या चुऱ्यात तेच. ज्या रबरी फरशीला तुम्ही नाकं मुरडताय, त्या फरशीवर ती एकटी, कोणी न ढकलता, मैत्रिणींमागे जाते. "निसर्गरम्य" अंगणात ती काठावर बसून टाळ्या वाजवते.

कुंपणावरून
हे माझ्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. घट्ट, सपाट वाट वाळूच्या हौदापर्यंत नेली आणि हौदाचा एक भाग टेबलासारखा उंच केला, खाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवून, तर?

चाकांची आई
तर ती एकटी त्या टेबलाशी आणि बाकीची सगळी खाली हौदात. पाहिलंय आम्ही ते. टेबल ठेवायचं तर पाणी तिथे वर सोडा. नळ वर, पन्हळ वरून खाली हौदात. मग खालच्यांना पाणी हवं असेल तर माझ्या मुलीला विचारावं लागेल.

शिशुवर्गताई
हे मात्र आवडलं.

बाकावरचे आजोबा
रबरी फरशीबद्दल एक. उन्हात हात ठेवून बघा, मग बोला. गडद रबर आणि कृत्रिम हिरवळ दुपारी इतकी तापते की अनवाणी बाळाचे तळवे भाजतात. मोठ्या माणसाला चटका बसला की तो पाय उचलतो, दीड वर्षाचं पोर जागच्या जागी उभं राहून रडतं. फरशी हवी तर फिकट रंगाची आणि सावलीत. सावली म्हणजे झाड, आणि झाड आज लावून उद्या मिळत नाही. म्हणून अंगण आखताना असलेली झाडं आधी मोजा, मग उरलेल्या जागेत खेळ मांडा. तोक्योजवळच्या फुजी बालवाडीत (२००७) जुनी झाडं तोडली नाहीत, ती छपरातून वर काढली. गोल छप्पर, त्यावर पोरं धावतात, आणि मध्येच झाडाचा शेंडा. जाळी लावलीय भोवती, काळजी नको.

स्वच्छतेचा भोक्ता
कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो: उघडा वाळूचा हौद म्हणजे मांजरांचं शौचालय. जंत होतात त्यातून. आणि पोरं हात तोंडात घालतात.

धावपट्टी
बरोबर, म्हणून रात्री झाकतात. पण मातीलाच बदनाम करू नका. फिनलंडमध्ये बालसंगोपन केंद्रांच्या अंगणात जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून टाकली, रोपं लावायच्या पेट्या ठेवल्या. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं अभ्यासात होती. २८ दिवसांत त्या अंगणांतल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाच्या चांगल्या खुणा दिसल्या. २०२० चा अभ्यास आहे. यावरून "चिखल खाल्ला की आजार जातात" असं कोणी म्हणू नये, महिनाभराचाच प्रयोग होता.

स्वच्छतेचा भोक्ता
जंगलातली माती आणि मांजराची वाळू यातला फरक तुमचा मदतनीस करणार का, एवढाच प्रश्न.

शिशुवर्गताई
धागा वाचून शुक्रवारी करून बघितलं. चार बादल्या, दोन कापलेल्या पन्हळी, फळी नाही. मदतनीस पूर्ण वेळ तिथेच बसलेली, दहा पोरं, अर्धा तास. पहिली दहा मिनिटं नुसती ओताओत आणि आरडाओरडा. मग एकाने पन्हळ किल्ल्याच्या पायरीवर टेकवली आणि सगळी तिथे जमा झाली. वर्षभर कोणाशी न बोललेली एक मुलगी "वर धर, वर!" असं ओरडली. पाच जणांचे कपडे बदलले, दोन तक्रारी आल्या, घसरगुंडी वाळूने खरखरीत झाली. रोज जमणार नाही. शुक्रवार चालू ठेवतेय.

नटबोल्ट
घसरगुंडी फडक्याने पुसून घ्या, वाळूने प्लॅस्टिक घासलं जातं. आणि पायरीवर पन्हळ टेकवाल तेव्हा वर चढणं बंद ठेवा.

कुंपणावरून
आज पुन्हा लवकर गेलो होतो. आमच्याकडचा नळ दुरुस्त झालाय. चर अजून दिसतो, कोरडा. सातातली दोघं किल्ल्याखाली सावलीत बसली होती, बाकीची शिडीच्या रांगेत.

शिशुवर्गताई
गळका नळ दुरुस्त करायचाच असतो, पाणी वाया जातं. त्या ताईंशी भांडू नका. एक बादली आणि तुमचा शुक्रवारचा अर्धा तास देऊ करा.