होम लोन लवकर फेडायचंय, घरखर्चाचं गणित कसं बसवता?

२० वर्षांचं लोन, ३ वर्षं झाली तरी मुद्दल हललंच नाही, स्टेटमेंट बघून पोटात गोळा येतो. महिन्याचे थोडे उरतात ते लोनमध्ये टाकू का?

↳ टाकाच! ८.५ टक्क्यांनी पहिल्या हप्त्यात ८० टक्क्यांवर व्याजच जातं, म्हणून सुरुवातीचा जादा पैसाच खरा कामाला येतो. पहिल्यापासून दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर २० वर्षांचं साडेसोळात संपतं. फक्त मुदत कमी करा असं लेखी द्या, नाहीतर काही बँका हप्ताच कमी करतात.

↳ आधी क्रेडिट कार्ड फेडा हं, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

↳ आम्ही पगार झाल्या दिवशीच जादा रक्कम भरतो आणि रोज रात्री वहीत खर्च लिहितो, बाहेरचं खाणं किती होतं ते तेव्हा कळलं.