मदत हवी आहे : फोंडा–तेरेखोल–मालवण–आंबोली, स्वतःच्या गाडीने

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन फोंड्याहून निघायचं आहे. गाडी मीच चालवणार. बाबांना १९५४ साली सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला तो तेरेखोलचा किल्ला बघायचा आहे, म्हणून पेडण्यातून केरीला जाऊन फेरीबोटीने पलीकडे जायचा विचार आहे. ओहोटीच्या वेळी गाड्या घेतात का? की वेळ बघूनच निघावं?

पुढे रेडीचा यशवंतगड, वेंगुर्ले आणि मालवणला मुक्काम.

खरी काळजी सिंधुदुर्गाची आहे. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातलेला हा किल्ला आईने अजून पाहिलेला नाही, आणि तिचे गुडघे दुखतात. मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढता-उतरताना ज्येष्ठांना आधार मिळतो का? आत शिवराजेश्वर मंदिरापर्यंत चालायला किती लागतं, मध्ये पायऱ्या किती? तिला महाराजांच्या हाता-पायाचे ठसे दाखवायचेच आहेत. कृपया अलीकडे वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनीच सांगा, इथे अंदाज चालणार नाही.

शेवटी सावंतवाडीवरून आंबोली. तिथून आल्या वाटेने उतरावं, की बेळगावकडून चोर्ला घाटाने साखळीला यावं? मला चोर्ल्याचं रान फार आवडतं, पण बाबांना वळणांचा त्रास होतो. सध्या रस्ता कसा आहे?

मालवणात तळमजल्यावर खोली मिळेल असं घरगुती ठिकाण माहीत असेल तर तेही कळवा. आई शाकाहारी आहे.