लग्नाच्या स्टेजवर गिटारला वायरलेस: 2.4 की 5.8?

सिडकोचा गिटारिस्ट

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो, आणि संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम असतात. मागच्या सीझनला वरमाला चालू असताना व्हिडिओवाल्याचा पाय माझ्या केबलमध्ये अडकला आणि गिटारचा जॅक नटासकट उपटून हातात आला. उरलेला कार्यक्रम कीबोर्डवाल्याने एकट्याने ओढला. त्याच रात्री ठरवलं, आता वायरलेस.

ओळखीतून 2.4 गिगाहर्ट्झचा छोटा सेट आणला, ट्रान्समीटर थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा. घरी एक नंबर चालतो. दुसऱ्या खोलीत जाऊन वाजवलं तरी आवाज स्वच्छ. लॉनवर साउंडचेकलाही ठीक. पण पाहुणे आले की तुटायला लागतो. लांब नोट धरली की मधेच अर्धा सेकंद गायब. खरखर नाही, फटफट नाही, एकदम शांत.

स्टेज 30 फूट. गिटार स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर घाटाची), तिथून इफेक्टचा प्रोसेसर, तिथून मिक्सर. पुढे फोटोवाले तुडवतात म्हणून प्रोसेसर आणि रिसीव्हर मागे ऑक्टोपॅडच्या शेजारी खाली ठेवतो. 5.8 वाला घेऊ का? की यूएचएफ, म्हणजे गायकांच्या वायरलेस माइकचा पट्टा? रेंज 30 मीटरची पुरेल की 50 ची बघू? बजेट 12 हजार.

जुनी तार

मित्रा, रेंजचा आकडा आधी डोक्यातून काढ. 30 फूट म्हणजे जेमतेम 9 मीटर. तेवढं अंतर कुठलाही सेट काढतो. तुला अंतर नडत नाहीये, हवेतली गर्दी नडतेय.

साउंडचेकला ठीक आणि पाहुणे आले की तुटतं, यातच तुझं उत्तर आहे. वायफाय, ब्लूटूथ, बरेचसे ड्रोन, सगळे त्याच 2.4 मध्ये. पाचशे पाहुणे म्हणजे पाचशे मोबाईल. आणि डिजिटल सेटमध्ये सिग्नल कमी पडला की खरखर येत नाही, आवाज असतो किंवा नसतो. तू सांगतोस तसाच.

दुसरी गोष्ट तुझ्या स्वतःच्या शरीराची. माणसात पाणीच जास्त, आणि पाणी ही लहर खाऊन टाकतं. गिटार तुझ्या पोटाशी, रिसीव्हर तुझ्या पाठीमागे जमिनीवर, मधे तू. घरात हे जाणवत नाही, कारण भिंती आणि छतावरून लहर उलटून वळसा घालून पोचते. उघड्या लॉनवर वळसा घालायला भिंतच नाही.

मी हे गंगापूर रोडच्या एका लॉनवर भोगलंय. रिसीव्हर अँपच्या मागे होता. मी लोकांकडे तोंड करून सोलोला वरची तार बेंड केली आणि बेंड वर पोचायच्या आत आवाज गेला. बोटाखाली तार थरथरतेय, ऐकू काहीच येत नाही. पुढच्या कार्यक्रमाला तोच सेट, फक्त रिसीव्हर स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात माइक स्टँडला छातीच्या उंचीवर बांधला आणि तिथून प्रोसेसरपर्यंत केबल टाकली. एकदाही तुटला नाही. तेव्हा पैसे काढायच्या आधी एवढं करून बघ.

तरीही तुटलं तर 5.8 घे. तिथे गर्दी कमी. पण 5.8 ची लहर शरीराआड आणखी लवकर अडते, म्हणून रिसीव्हर समोर हवाच. स्ट्रॅटचा जॅक तिरक्या खोबणीत असतो, तर ज्याची पिन वळते असाच ट्रान्समीटर बघ. आपली गिटार घेऊन दुकानात जा.

वायरलेसवर आवाज उशिरा येण्याची, म्हणजे लेटन्सीची, भीती बाळगू नकोस. एक्सवाइव्ह यू2 या गिटारच्या वायरलेस सेटला कंपनी 6 मिलिसेकंदांच्या आत सांगते. आवाज हवेतून तेवढ्या वेळात 2 मीटर जातो. म्हणजे अँपपासून दोन पावलं लांब उभं राहिल्यासारखं, बस. त्याची बॅटरी मात्र 5 तासांची. साउंडचेक संध्याकाळी 5 ला आणि 10 ला स्पीकर बंद, म्हणजे शेवटचं गाणं अगदी काठावर. जेवणाच्या ब्रेकमध्ये चार्जिंगला लावायची सवय लाव.

टोनचं एक राहिलं. लांब केबल वरचा चमचमाट थोडा खाते आणि आपल्या कानाला तीच सवय असते. वायरलेसवर स्ट्रॅट टोचरी वाटेल. बॉस डब्ल्यूएल-20 या वायरलेस सेटमध्ये 3 मीटर केबलचा परिणाम देणारं सर्किट असतं. दुसरा सेट असेल तर प्रोसेसरमध्ये वरचा ट्रेबल थोडा उतरव.

पंचवटी साउंड

वरचं सगळं बरोबर, एक गोष्ट आमच्या बाजूची. हल्ली आम्ही डिजिटल मिक्सर टॅबवरून चालवतो, त्याचा वायफाय राउटर स्टेजलगत असतो. तो 2.4 वर असेल तर तुमच्या रिसीव्हरपासून चार फुटांवर तो सारखा ओरडतोय असं समजा. साउंडवाल्याला आधी विचारा, राउटर 5 गिगाहर्ट्झवर टाकायला सांगा. तुम्ही 5.8 घेतलात तर राउटर 36 ते 48 या चॅनलवर ठेवायला सांगा. 149 पासून पुढचे चॅनल थेट तुमच्या पट्ट्यात येतात. दोन मिनिटांचं काम आहे, कोणी नाही म्हणणार नाही.

यूएचएफच्या भानगडीत या बजेटमध्ये पडू नका. गायकांचे आमचे माइक तिथेच असतात, आणि एलईडी वॉल त्या पट्ट्यात बराच कचरा टाकते. जुने 700 मेगाहर्ट्झचे सेट तर मुळीच नको, तो पट्टा 2022 च्या लिलावात मोबाईलला गेला.

सिडकोचा गिटारिस्ट

दादा, काल लॉनवर करून बघितलं. रिसीव्हर माइक स्टँडला, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, केबल टेपने खाली चिकटवली. साउंडवाल्याला राउटरचं विचारलं, खरंच 2.4 वर होता, त्याने लगेच बदलला. पहिल्या गाण्यापासून वरातीपर्यंत नीट चाललं. फक्त वरमालेला दोनदा तुटलं. तेव्हा ड्रोन अगदी स्टेजवर आला होता आणि नातेवाईक रिसीव्हरसमोर उभे होते.

म्हणजे 5.8 घेतोच. शनिवारी गिटार घेऊन दुकानात जातो आणि पिन वळते का ते आधी बघतो. तुमचे दोघांचे मनापासून आभार.

जुनी तार

छान झालं. नवा सेट आला तरी स्टँडची उंची सहा फुटांवर ने, नातेवाईकांच्या डोक्यांच्या वर. आणि वायरलेस ऐनवेळी दगा देईल म्हणून गिटारची 20 फुटांची केबल गुंडाळून प्रोसेसरच्या शेजारीच ठेव, बॅगेत नको.