रोज काय खाल्लं ते लिहून ठेवणारे कोण कोण?

काल कपाटाचा खालचा कप्पा आवरायला काढला होता. जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली, मधल्या पानांवर तेलाचा डाग पसरलेला. उघडली आणि तशीच जमिनीवर बसले. ही माझी खाण्याची वही. सात वर्षांपूर्वी ८४ किलोवरून ७२ वर आले ती हिच्या जिवावर.

चार रकाने आखलेत. वेळ, काय, किती आणि 'भूक होती का'. चौथा आहारतज्ज्ञ बाईंनी आखायला लावला होता, मला तेव्हा तो उगीचच वाटलेला. पहिल्या आठवड्यात त्या रकान्यात सगळीकडे 'हो'. खोटं आहे ते, आज वाचतानाही कळतं. दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीची नोंद आहे: '११.४०. बिस्किटं ४. भूक नव्हती. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही.' अक्षर इतकं बारीक, की कुणाला दिसू नये म्हणूनच तसं काढलंय. पण खरं लिहायला सुरुवात त्या ओळीपासून झाली.

माझी जेवणं तशी ठीकच होती. घोळ होता तो ओट्याशी उभ्याने खाण्याचा. मुलीच्या ताटात उरलेलं तोंडात टाकायचं, मीठ बघायला दोन चमचे, डबे भरताना मूठभर दाणे. याला मी खाणं म्हणतच नव्हते. बाईंनी एक दिवस फक्त उभ्याने खाल्लेलं वेगळं लिहायला सांगितलं. बेरीज ४०० कॅलरीच्या वर गेली. एक अख्खं जेवण मी रोज न बसता जेवत होते!

वही १९ मार्चला थांबते. त्या दिवशी बाबांना दवाखान्यात हलवलं. सकाळचा चहा लिहिलाय, पुढे काहीच नाही. सगळी पानं कोरी.

आता पुन्हा ७९ आहे. परत सुरू करायचं मनात आहे. तुम्ही लिहिता का, कशावर लिहिता, मध्येच सुटलं तर पुन्हा कसं धरता? जे आठवेल ते सांगा.

*

ओट्याशी उभ्याने, अगदी अगदी. आमच्याकडे पातेल्याला लागलेलं खरवडून खाणं हेही त्यात धरा. फेकवत नाही ना. बाबा कसे आहेत आता?

*

गेले गं त्याच वर्षी. पावसाळ्यात. म्हणून ती कोरी पानं बघवेनात.

*

अरेरे. सॉरी ताई, माहीत नसताना विचारलं. जपा.

*

वही नाही, मोबाइलवर अॅप. दीड वर्ष झालं, १४ किलो कमी. पण सुरुवातीची चूक सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. मी शिजलेला भात काट्यावर ठेवायचो, १५० ग्रॅम, आणि नोंद करायचो कच्च्या तांदळाच्या नावावर. कच्चे तांदूळ १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, शिजलेला भात १३० च्या आसपास, कारण शिजताना पाणी पितो. म्हणजे पोटात जात होत्या दोनशे आणि अॅप धरत होतं पाचशेवर. तीन आठवडे अर्धपोटी काढले. घरात सगळ्यांवर खेकसत होतो, झोप नाही, आणि मला वाटत होतं की डाएट म्हणजे असंच असतं. बायकोने एकदा बघितलं आणि म्हणाली, अहो, हे कच्च्याचं आहे. डोकं धरून बसलो.

तेलाचं मात्र बरोबर उलट. ते मी धरतच नव्हतो. चहाच्या चमच्याने ५ मिली तेल म्हणजे ४० कॅलरी, मोठा चमचा १५ मिली म्हणजे १२०. पळीने ओतलं तर किती होतं ते एकदा मोजून बघा, मी बघितलं तेव्हापासून बाटलीशेजारी चमचा ठेवलाय.

*

काटा कुठला चांगला? आमच्या काट्याचे सेल महिन्याला जातात.

*

काम झालं की सेल काढून ठेवत जा, आमचे वर्षभर टिकतात.

*

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडं लांबतंय, सांभाळून घ्या. मी नव्या माणसाकडून आधी तीनच दिवसांची नोंद मागते. दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. सुट्टीचा दिवस हवाच, तिथेच सगळं वेगळं निघतं. आणि पहिल्या नोंदीत कमी लिहिलं जातं हे मी धरूनच चालते. त्यात खोटेपणा नसतो. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास आला होता. '१२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन हलत नाही' असं सांगणारी माणसं घेतली होती. शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे समस्थानिक वापरून मोजलं. चयापचय मंद नव्हतं, ठीक होतं. खाणं मात्र खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं गेलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ही माणसं लबाड नव्हती. बसून न खाल्लेलं आठवतच नाही, धागा काढणाऱ्या ताईंनी लिहिलंय तसंच.

म्हणून मी एकच विनंती करते, रात्री आठवून लिहू नका. खाल्लं की लगेच, हात पुसायच्या आत. आणि चहा विसरू नका. चमचाभर साखर ४ ग्रॅम, १६ कॅलरी. चार कप, दोन-दोन चमचे, झाल्या १२८, दूध वेगळंच.

*

'हात पुसायच्या आत' हे फळ्यावर लिहिलं आज.

*

मी उलट सांगणार आहे आणि कृपया कुणी वाईट वाटून घेऊ नका. माझ्या धाकट्या बहिणीला या लिहिण्याने आजारी पाडलं. एकोणीस वर्षांची होती. आधी कौतुक वाटलं आम्हाला, किती शिस्तीची पोर. मग ती प्रत्येक घास काट्यावर ठेवायला लागली. एकदा मैत्रिणीकडे सफरचंद दिलं तर खाल्लं नाही, कारण वजन करता येत नव्हतं. वहीत आकडा १२०० वरून १०००, मग ८००, आणि प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ. पाळी थांबली तेव्हा आई घाबरली. मानसोपचारतज्ज्ञांनी सगळ्यात आधी वही आणि काटा दोन्ही घराबाहेर काढायला सांगितले. ती रडली, 'माझी वही द्या' म्हणून. ते रडणं अजून कानात आहे.

डॉक्टरांनी तेव्हा मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. १९४४-४५ सालचा, ३६ धडधाकट तरुण, सहा महिने रोज साधारण १६०० कॅलरींच्या आसपासच खायला. नुसतं वजनच उतरलं नाही, त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याशिवाय दुसरं काही उरलं नाही, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. बहीण ते ऐकून पहिल्यांदा म्हणाली, 'म्हणजे मी वेडी नाहीये ना?' आज ती बरी आहे, नोकरी करते, काही लिहीत नाही. घरात तरुण मुलगी वही घालून बसली असेल तर तिचे आकडे खाली खाली जातायत का, एवढं बघा. हात जोडून सांगते.

*

ताई, वाईट कशाला वाटेल? हे लिहायला हवंच होतं. बहिणीला खूप आशीर्वाद.

*

मी आकडे अजिबात लिहीत नाही. फक्त पदार्थ आणि 'भूक होती का'. मला पुरतं. सहा महिन्यांत ५ किलो, हळूहळू, पण परत चढलं नाही.

*

आमच्या ह्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. माझं बघून ह्यांनीही वही घातली आणि उत्साहात रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, डॉक्टरांना न विचारता. इन्सुलिन तेवढंच. रात्री तीनला उठले ते घामाने ओलेचिंब, हात थरथरतायत, मलाच ओळख पटेना. शुगर ५८. चार चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, १५ मिनिटांनी परत तपासली, तेव्हा ९० च्या पुढे गेली. तोवर मी त्यांचा हात धरून बसले होते. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस बदलून दिला. वही मात्र बघून खूश झाले, म्हणाले शेजारी शुगरचे आकडे पण लिहा. तर औषध चालू असणाऱ्यांनो, खाणं कमी करायच्या आधी विचारा. आता वही दोघांची एकच आहे, डावं पान माझं, उजवं त्यांचं.

*

डावं-उजवं पान किती गोड.

*

वय ६७. आमची वही सौ.ने तपासायला घेतली होती असं म्हणावं लागेल. मी पेनाने लिहायचो. ती रात्री पेन्सिलीने बाजूला बारीक अक्षरात 'दाणे राहिले' असं लिहून ठेवायची. कधी 'दोन केळी, एक नव्हे'. समोर एका शब्दाने बोलली नाही, चारचौघांत तर कधीच नाही. मी सकाळी वही उघडून ते वाचायचो आणि पेनाने भरायचो. नऊ महिन्यांत ९ किलो गेले, गुडघे बोलायचे थांबले, जिना चढताना आता कठडा धरत नाही. जुन्या वह्या जपून ठेवल्यात, पेन्सिलीच्या ओळींसाठी. ती आत्ता शेजारी बसून वाचतेय आणि 'हे कशाला लिहिता' म्हणतेय.

*

काका, काकूंना नमस्कार सांगा. पेन्सिलवाल्या काकू प्रत्येक घरी हव्यात.

*

गुडघ्यांसाठी काही व्यायाम करता का काका? आईचे फार दुखतात.

*

फिजिओथेरपिस्टने शिकवला तो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, दहापर्यंत मोजायचं. पण आईंना आधी दाखवून घ्या, प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

*

रात्रपाळीवाल्यांनी दिवस कुठून धरायचा? मी सकाळी सातला घरी येतो, जेवतो, झोपतो. ते जेवण कालचं की आजचं यातच पहिले दोन महिने गोंधळ. बारा वाजता दिवस बदलला की बेरीज काहीच्या काही यायची, एका दिवशी २६००, दुसऱ्या दिवशी १३००, आणि मला वाटायचं आपल्याला संयमच नाही. आता झोपेतून उठलो की नवं पान. तारीख नाही, नुसता क्रमांक. २११ वं पान चालू आहे. पाळीत पहाटे चारला जे हादडायचो ते भुकेने नव्हे, डोळे उघडे राहावेत म्हणून, हे त्या पानांवरूनच कळलं. त्या वेळी आता दहा मिनिटं आवारात चालून येतो.

*

वजनाचा काटा रोज बघणाऱ्यांसाठी. लग्नाला जाऊन आले, वहीत सगळं खरं लिहिलं, दुसऱ्या दिवशी दीड किलो जास्त. रडू आलं होतं. ते चरबीचं नसतं. शरीर पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरतं, त्यात मीठही जास्त झालेलं. चार दिवसांत उतरलं. मी आता सात दिवसांची सरासरी काढते, रोजच्या आकड्यावर रुसत नाही.

बाळ उठलं, नंतर येते.

*

मध्येच सुटण्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. माझं तीन वेळा सुटलंय. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अमेरिकी अभ्यास आहे, जवळपास १७०० माणसं. सहा महिन्यांत, रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या दुपटीने उतरलं. हे वाचून मी 'रोज' या शब्दाला इतका चिकटलो की एक दिवस चुकला की वहीच टाकून द्यायचो, आता काय उपयोग म्हणून. चौथ्या वेळी ठरवलं, चुकलेला दिवस भरायचा नाही आणि पुसायचाही नाही. त्या तारखेपुढे आडवी रेघ, पुढच्या जेवणापासून चालू. गेल्या वर्षात ४३ रेघा आहेत. वजन ६ किलोने कमी आहे.

*

हे माझ्यासाठीच लिहिलंत. एका दिवसाची रेघ कळली. माझ्या तर सात वर्षांच्या काढायच्या आहेत. सगळ्यांचं वाचलं, दोनदा. बहिणीचं वाचून जरा थांबले, मुलगी आता चौदाची आहे. वही तिच्यासमोर उघडी टाकणार नाही, आकडेही लिहिणार नाही.

*

ताई, नवी वही आणा की!

*

नको, हीच. चहाची ती शेवटची नोंद आहे ना, त्याच्या खालून सुरू करते. वर बाबांच्या दवाखान्याचा फोन नंबर लिहिलाय कोपऱ्यात, तो असू दे. काकूंची पेन्सिल कुठली ते मात्र विचारून सांगा काका, माझी पुसट उठते.

*

ती म्हणते साधी एचबी, पण रोज टोक काढायचं.